जाळीवरच्या अक्षता

भिंतीवरच्या फोटोचं मला काही वाटत नाही. वैशालीचा तो फोटो मीच पुसते, तिच्या तिथीला हार मीच आणते आणि हार तोकडा निघाला तर फुलवाल्याशी भांडून दुसरा घेऊन येते. गेलेल्या बाईशी माझं वैर नाही. माझं वैर आहे ते खाली पार्किंगमध्ये, आमच्या खांबाला लागून उभ्या असलेल्या तिच्या गाडीशी.

तिची गाडी असंच मी म्हणते. कागदोपत्री ती माझ्या नवऱ्याच्या, रवींद्रच्या नावावर आहे, पण निवडली त्यांच्या पहिल्या बायकोने, वैशालीने. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यात हायब्रिड म्हटलं की लोकांना टोमॅटो आठवायचे त्या काळात तिने हट्ट धरून पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी ही चंदेरी गाडी घ्यायला लावली. पुढे ती आजारी पडली आणि गेली. गाडी राहिली. त्यानंतर काही वर्षांनी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आईसाठी डोंबिवलीच्या पोस्टातून लवकर निवृत्ती घेऊन, आणि पुढे तिचं आजारपणही संपल्यावर, मी लग्न करून या घरात आले. म्हणजे घरातल्या मानाने बघितलं तर गाडी थोरली आणि मी धाकटी.

सवत म्हणून ती पक्की आहे. सुरू होताना आवाज करत नाही. बाकीच्यांच्या गाड्या खाली घरघरतात, बायकांना स्वयंपाकघरात कळतं की नवरा निघाला. आमच्याकडे मी चहा गाळून हाक मारते तेव्हा रवींद्र तिला घेऊन गोखले रोडपर्यंत पोचलेले असतात. रविवारी सकाळी ते तिला धुतात. धुऊन झाल्यावर पुसतात. पुसून झाल्यावर आत जाऊन बसतात, कुठे जायचं नसलं तरी. वरून गॅलरीतून मला त्यांचे स्टिअरिंगवर ठेवलेले हात तेवढे दिसतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

चालवतानाही गाडीत आम्ही तिघं असतो. लांबून सिग्नल दिसला की पाय उचलायचा, गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं, म्हणजे फुकट जाणाऱ्या वेगावर बॅटरी भरते, हे वैशालीने शिकवलेलं. समोरच्या पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारे हिरवे बाण दिसायला लागले की रवींद्रच्या चेहऱ्यावर वर्गात शाबासकी मिळाल्याचं हसू येतं. ती शाबासकी कोण देतं ते मला चांगलं माहीत आहे. "वैशाली म्हणायची, ब्रेक दाबणारे सगळेच असतात, सोडून देता आलं पाहिजे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला तर मला त्याचीच बाजू घ्यावीशी वाटते.

खरं भांडण मात्र सीटचं. पुढची, रवींद्रच्या शेजारची सीट. वैशाली उंच होती. तिची मुलगी कादंबरी, जी लग्न करून आता बाळकुमला असते, तीही आईसारखीच उंच. कादंबरी त्या सीटवर बसते तेव्हा काही हलवावं लागत नाही, पाय जागच्या जागी पसरतात. मी बुटकी. लग्नानंतर पहिल्यांदा बसले तेव्हा माझे पाय पायपुसण्याला टेकेनात. मी खालचा दांडा ओढून सीट चांगली पुढे घेतली. पुढच्या रविवारी बघते तर सीट पुन्हा मागे. मी पुन्हा पुढे घेतली. ती पुन्हा मागे. बोलायचं तरी काय? आता लग्नाला दोन महिने झालेत, तुमच्या बायकोची जागा मला द्या, असं म्हणायचं?

तेव्हा मी मागे बसायला लागले. एकदा कादंबरीकडे गेलो होतो, तर तिच्या सोसायटीच्या वॉचमनने रवींद्रना सांगितलं की मॅडमना गेटवर सोडा, ड्रायव्हर लोकांचं पार्किंग पलीकडे आहे. रवींद्र खूप हसले. मीही हसले. त्यांनी पुढे येऊन बसायला सांगावं म्हणून मी परत निघताना दाराशी जरा जास्तच वेळ उभी राहिले. ते म्हणाले, बस ना, आणि मी मागे बसले.

मागे बसले म्हणून मी गप्प बसले नाही. माझे केस हा माझा एकुलता एक गर्व आहे. कमरेच्या खाली येतात, आणि पांढरे व्हायला लागल्यापासून दर महिन्याला मेंदी लावून मी ते लालबुंद ठेवते. रविवारी न्हाऊन निघायचं, गाडीत चाप काढायचा आणि ठाण्यापासून डोंबिवलीतल्या भावाच्या घरापर्यंत आरामात केस विंचरत बसायचं, हा माझा कार्यक्रम. रवींद्र आरशातून बघायचे, काही म्हणायचे नाहीत. माझ्या केसांबद्दल ते कधीच काही म्हणाले नव्हते. वैशालीच्या केसांबद्दल म्हणायचे, की किती दाट होते आणि औषधांनी कसे मूठमूठ गळाले.

आता त्या जाळीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मागच्या सीटच्या बाजूला, उशी टेकते तिथे, प्लॅस्टिकची बोटभर रुंद जाळी आहे. या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि ती त्या जाळीतून हवा ओढून घेते. गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने वैशालीला हे समजावून सांगितलं होतं. पहिल्या दसऱ्याला सगळ्यांसारखी गाडीची पूजा झाली, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मग वैशाली तबक घेऊन मागे गेली. इंजिनाची पूजा सगळेच करतात, बिचाऱ्या बॅटरीची कोण करणार, असं म्हणून तिने जाळीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. ही तिची गंमत होती. ती गेल्यावर रवींद्रने त्या गमतीचं व्रत केलं. आणि मी आल्यावर ते व्रत माझ्याकडे आलं. दर दसऱ्याला टेंभी नाक्यावरून आणलेल्या झेंडूंचं तबक माझ्या हातात देऊन ते आठवण करायचे की जाळीला विसरू नकोस. मी विसरायचे नाही. नाकाला मिरच्या झोंबत असताना मूठभर अक्षता जाळीत घालायचे.

यंदा गणपतीत भावाकडून परत येताना कल्याण-शीळ रस्त्यावर, भर दुपारी, समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण उगवला आणि गाडी मुंगीच्या चालीने चालायला लागली. शेवटी फर्निचरच्या एका दुकानासमोर थांबलीच. अर्ध्या तासाने निवल्यावर ती पुन्हा हलली आणि आम्ही कसेबसे घरी आलो. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका गॅरेजवाल्याने तिला कॉम्प्युटर लावला आणि सांगितलं की बॅटरी संपली, अख्खी बदलावी लागेल, आणि त्या खर्चात दुसरी गाडी येईल. तेव्हा काका, सोडा आता हिला.

मला झालेला आनंद मी लपवला, पण त्या संध्याकाळी शिरा केला. कादंबरीनेही फोनवर बापाला सांगितलं की बाबा, पुरे झालं, आईला स्वतःलाच असली धुगधुगी टिकवून ठेवलेली आवडली नसती. पोरीवर माझं तेव्हा जितकं प्रेम आलं तितकं त्याआधी आलं नव्हतं. रवींद्रने शिरा चिवडला आणि अर्धा ठेवला. पुढचे काही दिवस ते जेवणावर बसायचे तेही उठायच्या तयारीने. माझ्या आजारपणात, गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला होता तेव्हा, हा माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवत होता. हे मी विसरले नाही.

मग त्यांना कुणीतरी महेंद्रचं नाव सांगितलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याचं गॅरेज आहे आणि तो बॅटरी उघडून तिच्यातले बिघडलेले तेवढेच सेल बदलतो. रवींद्र एकटेच जाणार होते. मी म्हटलं, मीही येते. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं की माझ्या सवतीचा शेवट मला डोळ्यांनी बघायचा आहे. ऊन चढायच्या आत, सकाळी सकाळी निघालो. मी मागे.

महेंद्र पस्तिशीचा, बोलघेवडा, हातात सतत फोन. त्याने आधीच सांगून टाकलं की दुरुस्तीपेक्षा गाडी त्यालाच द्यावी हे बरं, असल्या गाड्यांच्या सुट्या भागांना त्याच्याकडे गिऱ्हाईक उभं आहे. मला तो एकदम आवडला. त्याने मागची सीट उचकटून बाहेर ठेवली, प्लॅस्टिकची झाकणं काढली, आणि जाळीच्या आतला, बॅटरीला हवा देणारा पंखा सोडवून वर्तमानपत्रावर उपडा केला.

आतून तांदूळ पडले. बारा दसऱ्यांचे. पिवळे, काळे, कुंकवाने एकमेकांना चिकटून खडा झालेले. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या पडल्या. पंख्याची पाती हळदीकुंकवाच्या लेपाखाली दिसत नव्हती.

"काकू," महेंद्र मला म्हणाला, "आत कुणाचं लग्न लावलंत?"

त्याने सांगितलं की बॅटरी मेलेली नाही, हवाच मिळत नव्हती म्हणून तापून तापून बसतेय. दोन-चार सेल गेले असतील, बाकीची ठीक आहे. मी ते नीट ऐकलंच नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने आपल्या हाताने आपल्या लाडकीचं नाक बुजवलं होतं, आणि नवऱ्याने ते वर्षानुवर्षं भक्तिभावाने बुजवत ठेवलं होतं. इतकं समाधान मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही मिळालं नव्हतं.

तेवढ्यात महेंद्रने पंख्याच्या मधल्या दांड्याभोवतीचा एक गुंता पकडीने ओढून काढला. केसांचा. मुठीएवढा, धुळीने राखाडी झालेला, आणि त्यातून लोंबणारे लांबच लांब केस. तो बादलीत टाकणार होता.

"थांबा," रवींद्र म्हणाले. "ते द्या इकडे."

दोन्ही हातांच्या ओंजळीत त्यांनी ते घेतलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शेवटी शेवटी हॉस्पिटलमधून येताना ती मागेच आडवी व्हायची, असं ते कुणाकडे न बघता म्हणाले. मग गॅरेजच्या कोपऱ्यातल्या नळाशी गेले, नळ अगदी बारीक सोडला आणि त्या धारेखाली केस धरले. एका हाताच्या बोटांनी ते एकेक बट सोडवत होते, हळूहळू, दुखेल म्हणून जपावं तसं.

मी जळत होते. भर सकाळी, त्या गंजक्या पत्र्याच्या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात, मी मेलेल्या बाईच्या केसांवर जळत उभी होते. जिवंत केस माझ्या पाठीवर होते, मेंदी लावलेले, तेल लावलेले, त्यांना या माणसाने कधी बोट लावलं नव्हतं. आणि पंख्यातल्या कचऱ्याला तो न्हाऊ घालत होता.

धूळ वाहून गेली तसा रंग दिसायला लागला. आधी मला दिसला. वैशालीचे केस काळे होते, फोटोत आहेत, सगळ्यांनाच माहीत आहे. नळाखालचे केस लाल होते, विटेसारखे लाल. माझी मेंदी.

त्यांचा हात थांबला. पाणी वाहत राहिलं. वाटलं, आता टाकून देतील, हात पुसतील. तसं झालं असतं तर मी त्याच पावली भावाकडे गेले असते आणि परत आले नसते, हे मी आज शपथेवर सांगते. त्यांनी टाकले नाहीत. ठेवलेही नाहीत. ते नुसते धरून उभे राहिले आणि मग मान वळवून माझ्याकडे, माझ्या वेणीकडे बघितलं, घरात एखादी वस्तू किती दिवसांपासून आहे ते आठवत असल्यासारखं.

"नीला," ते म्हणाले, "तू मागे का बसतेस?"

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर हा प्रश्न. मला रडूही येत होतं आणि त्यांना तिथेच चार शब्द सुनवावेसेही वाटत होते.

"कारण पुढची सीट तिची आहे. मी पुढे घेते, तुम्ही परत मागे ढकलता. माझे पाय टेकत नाहीत."

त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "धुताना ढकलतो. खाली फडकं जात नाही." तेवढ्यावर थांबले असते तर मी विश्वास ठेवला नसता. पण ते थांबले नाहीत. "आणि ढकलली की तिथे बरी दिसते. म्हणून तशीच ठेवतो."

खोटं बोलले नाहीत, एवढं मी मान्य केलं. झोंबायचं ते झोंबलंच.

नळ बंद करून ते महेंद्रकडे गेले आणि म्हणाले की गाडी तुम्हीच घ्या, सुटी करा, काय हवं ते करा. महेंद्र खूश होऊन कुणालातरी फोन लावायला लागला. रवींद्र पुढचं दार उघडून कप्प्यातल्या वस्तू काढायला बसले. छत्री निघाली. जुन्या पावत्या निघाल्या. तळाशी एक बायकी चष्म्याचं घर निघालं, ते त्यांनी उघडलं नाही, खिशात घातलं. मग सीटवर हात ठेवून ते क्षणभर तसेच बसले.

मी जिंकले होते. तीन वर्षं मनातल्या मनात जे मागत होते ते तोंडाने न मागता मिळालं होतं. आणि त्यांची ती वाकलेली पाठ बघून मला एकदम कळलं की माझं काय होणार आहे. आज ही गाडी इथे सुटी होईल, आणि उद्यापासून ती कधी बंद पडणार नाही. तिला कधी लाल त्रिकोण येणार नाही. दर दसऱ्याला, दर सिग्नलला, कशी आवाज न करता चालायची, हे मला ऐकावं लागेल. एक तर गेलेली बाई, तिला म्हातारपण नाही, तिचं काही चुकत नाही, तिच्यापुढे मी रोज हरते. त्यात आता गेलेली गाडी. जिवंत सवत परवडली, निदान ती खोकते तरी.

"गाडी द्यायची नाही," मी महेंद्रला म्हटलं. "पंखा साफ करा. गेलेले सेल बदला. फोन ठेवा आधी."

महेंद्रचा चेहरा पडला. रवींद्र गाडीतून बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यामागे असं काही, की जणू मी कोणी थोर बाई आहे. नीला, तुझं मन फार मोठं आहे, असं ते हळूच म्हणाले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. इतक्या वर्षांत मिळालेलं पहिलं कौतुक, ते परत कशाला करा.

गाडी दोन दिवसांनी मिळाली. चालेल अजून दोन-तीन वर्षं, महेंद्र म्हणाला, पण अक्षता आवरा. परत निघताना मी पुढचं दार उघडलं, दांडा ओढला, सीट पार पुढे घेतली आणि बसले. पाय टेकले. शीळफाट्याला लांबून सिग्नल दिसला तसा रवींद्रने पाय उचलला, पडद्यावर हिरवे बाण आले, त्यांनी सवयीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मी खिडकीबाहेर बघत केसांचा चाप काढला.

दसऱ्याला मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. जाळीला कुंकवाचं एक बोट लावलं, बस. रवींद्रने अक्षतांची वाटी पुढे केली होती, ती मी त्यांच्या हातात तशीच राहू दिली.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखी गाडी धुतली, पुसली. ते वर येऊन आंघोळीला गेले तशी मी किल्ली घेऊन खाली गेले. काही आणायचं राहिलंय असं स्वतःलाच सांगितलं. पुढचं दार उघडलं आणि बसले. सीट मागे नव्हती. पुढे होती. पण पाय पूर्ण टेकत नव्हते, टाचा अधांतरी. खाली वाकून हात घालून बघितलं तर दोन खाचा कमी होत्या. म्हणजे धुताना मागे ढकलली होती, आणि मग आठवून पुढे घेतली होती, अंदाजाने. तिचं माप त्यांना डोळे मिटून पाठ आहे. माझं अजून झालेलं नाही.

मी उरलेल्या दोन खाचा पुढे घेतल्या. गाडी अजून दोन-तीन वर्षं चालेल, असं महेंद्र म्हणालाय.